हंसीण बसवायची की मशीन लावायची?

बुलढाणा जिल्ह्यात कोंबड्या घरोघर दिसतात, बदकं थोडी, आणि हंस एखाद्याच शेतावर. जिथं आहेत तिथं बहुधा राखणीसाठी ठेवलेले. अनोळखी माणूस बांधावर आला की मान लांब करून, कर्कश ओरडत ते अंगावर धावून येतात. बहुतेक जण चोचीच्या मुळाशी गाठ असलेले, चिनी वळणाचे. अशी एखादी जोडी दारात आली की वर्षा-दोन वर्षांत प्रश्न उभा राहतो : अंडी तर मिळतात, मग पिल्लं का निघत नाहीत? त्यावर गावात दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, हंसिणीला तिच्या पद्धतीनं बसू द्या. दुसरं म्हणतं, मशीन आणा.

ही दोन मतं मी इथं समोरासमोर बसवली आहेत. आत्या घाटावरची, चिखलीकडची. कोंबड्या, बदकं, हंस यांच्यातच तिचं आयुष्य गेलं. भाचा घाटाखालचा, मलकापूरकडचा. त्याच्याकडे पंख्याचं, थर्मोस्टॅट लावलेलं छोटं उबवणी मशीन आहे. राजूर घाट उतरला की हवा बदलते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बुलढाणा शहर सहाशे मीटरहून उंच. मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणारे. हा फरक दोघांच्या बोलण्यात सारखा डोकावतो आणि तो यायलाच हवा. उबवणं म्हणजे उष्णतेचा आणि ओलाव्याचा हिशेब, आणि तो हिशेब जागेवरच करावा लागतो.

भाचा : आत्या, साधं गणित सांगतो. हंसीण साधारण एक दिवसाआड अंडं घालते. आठ-दहा अंडी साठली की खुडूक होते आणि बसते. बसली की घालणं बंद. महिनाभर अंड्यांवर, पुढे पिल्लांमागे. तीच अंडी मी उचलत गेलो तर ती घालत राहते. चांगली चिनी हंसीण हंगामात चाळीसच्या वर जाते. आठ-दहा कुठं आणि चाळीस कुठं!

आत्या : चाळीस अंडी म्हणजे चाळीस पिल्लं नाहीत, बापू. फळलेली किती ते सांग आधी. एका नरामागं माद्यांचा कळप, डुंबायले पाणी नाही, अन् हंसीण पहिल्याच वर्षाची. मंग निम्मी अंडी वांझ. वांझ अंड्यातून पिल्लू काढून देईन का तुहं मशीन?

भाचा : नाही देणार. पण मला आठव्या दिवशी कळतं तरी. अंधारात अंड्याला टॉर्च लावला की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं नुसतं पिवळं उजळतं. ते मी बाहेर काढतो. तुझी हंसीण तेच अंडं महिनाभर पोटाखाली घेऊन बसते, आणि सडून फुटलं तर बाकीचीही खराब करते.

आत्या : टॉर्चवर मशीनचाच हक्क हाये काय? हंसीण चरायले उठली की मी बी अंडी पाहून घेते.

आत्याचं हे बरोबर आहे. निवडणं, साठवणं, तपासणं ही कामं दोन्हीकडे सारखीच आहेत, आणि पिल्लं न निघण्याची बरीच कारणं तिथंच दडलेली असतात, बसवण्याच्या आधी. साठवणीचंच बघा. अंड्यातल्या गर्भाची वाढ साधारण २० ते २१ अंशांच्या वर हळूहळू सुरू होते. फेब्रुवारी सरता सरता घाटाखालच्या पत्र्याच्या खोलीत दुपारची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. टोपलीत ठेवलेलं अंडं दुपारी थोडं जागं होतं, पहाटे पुन्हा थांबतं. असं पाच-सहा दिवस झालं की गर्भ दमतो आणि उबवणीच्या पहिल्याच दिवसांत मरतो. आपण म्हणतो, अंडं वांझ होतं. ते वांझ नव्हतं, आपणच ते चुकीच्या जागी ठेवलेलं होतं. ओल्या वाळूत अर्धा पुरलेला मातीचा माठ, वर ओलं फडकं, रोज एकदा अंड्यांची कूस बदलणं, आणि सात दिवसांच्या आत बसवणं. एवढं केलं तरी फरक पडतो. मग ती अंडी हंसिणीखाली जावोत की मशीनमध्ये.

आत्या : तू मशीनवर आकडा लावते, साडेसदतीस अंश. हंसीण काय करते ते एकदा बसून पाह्य. बसायच्या आधी आपल्याच छातीची मऊ पिसं चोचीनं उपटते अन् घरट्यात अंथरते. तिथली कातडी उघडी पडते, ते थेट अंड्याले लागते. दिवसातून एखादवेळ उठते. उठायच्या आधी तीच पिसं अंड्यांवर ओढून घेते, झाकते, मंगच जाते. चारा खाते, पाण्यात डुंबते अन् ओल्या पोटानं येऊन बसते. बसल्या बसल्या अंडी चोचीनं फिरवते, कडेचं मधात, मधातलं कडेले. नर जवळच उभा राह्यते, कुत्र्याले बी फिरकू देत नाही. एवढं सारं तिले कोणं शिकवलं?

भाचा : ते तिला कोणी शिकवलं नाही, पण मला तिनं शिकवलं. मी मशीनमध्ये तिचीच नक्कल करतो. हंसाचं अंडं दीडशे ग्रॅमच्या आसपास. कोंबडीच्या अंड्याच्या ट्रेमध्ये ते उभं मावत नाही आणि उभं ठेवूही नये. मी आडवं ठेवतो. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. ट्रे आपोआप कलतो, पण एवढ्या मोठ्या अंड्याला तेवढं कलणं पुरत नाही. म्हणून हातानं अर्धा फेरा देतो, दिवसातून तीन वेळा. तीनच, म्हणजे विषम, म्हणजे लांब रात्र रोज त्याच कुशीवर जात नाही. आणि एक फेरा उजवीकडून दिला तर पुढचा डावीकडून. एकाच दिशेनं फिरवत राहिलं तर बलक मधोमध धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांना पीळ पडतो.

आत्या : अन् तिचं ते ओलं पोट?

भाचा : तेही करतो. आठव्या दिवसापासून रोज एकदा दार उघडून अंडी दहा-पंधरा मिनिटं निवू देतो आणि कोमट पाण्याचा फवारा मारतो. कोंबडीच्या अंड्याला याची गरज नसते, हंसाच्या अंड्याला असते. अंडं मोठं, बलक मोठा. अर्धे दिवस उलटले की आतलं पिल्लू स्वतःच उष्णता तयार करायला लागतं. मशीनच्या काट्यावर ३७.५ दिसतं, पण अंडं आतून त्याच्या वर गेलेलं असतं. ती उष्णता बाहेर काढली नाही तर शेवटच्या आठवड्यात पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत मरतं. सुरुवातीला लोक हंसाची अंडी कोंबडीच्या हिशेबानं ठेवतात आणि इथंच फसतात.

दोघांच्या बोलण्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. मशीन चालवणारा आणि हंसीण सांभाळणारी इथं एकाच पक्ष्याकडे बघून बोलत आहेत. ज्यानं बसलेल्या हंसिणीला नीट पाहिलेलं नाही, त्यानं हंसाच्या अंड्यांसाठी मशीन घेण्याची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. मशीनसोबत आलेल्या कागदावर बहुधा कोंबडीचे २१ दिवस लिहिलेले असतात. बदकाला २८ लागतात, हंसाला २८ ते ३१, बहुतेकदा ३०.

भाचा : आणि एक गोष्ट माझ्याकडे आहे, हंसिणीकडे नाही. वजनकाटा. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा. अंड्याच्या कवचातून रोज थोडी वाफ बाहेर जाते आणि आतली हवेची पोकळी मोठी होत जाते. उबवणीच्या काळात हंसाच्या अंड्याचं वजन साधारण बारा ते चौदा टक्के घटायला हवं. दीडशे ग्रॅमचं अंडं आठवड्यानं १४५, दोन आठवड्यांनी १४० च्या आसपास आलं की मी निश्चिंत. जास्त घटलं तर मशीनमध्ये पाण्याचं ताट वाढवतो, कमी घटलं तर काढून घेतो. आपल्याकडे हा काटा लागतोच. मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी की अंडं सुकतं, पिल्लू आतल्या पडद्याला चिकटतं आणि टोचा मारूनही बाहेर येऊ शकत नाही. आणि ऑगस्टमध्ये बरोबर उलटं. हवा दमट, वजन घटत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं आणि आत पाणीच पाणी.

आत्या : म्हणूनच होळीनंतर मी अंडी बसवत नाही. आपल्या हंसिणी थंडीत घालतात. मार्गशीर्ष-पौषात बसवली तं संक्रांतीच्या पुढंमागं पिल्लं. गवताले ओल राह्यते, ऊन सोसवते. तू कायले आखाजीपर्यंत खेचते? भेंडवळची घटमांडणी होते त्या दिवसांत तं माणूस सावली सोडत नाही, अन् तू अंडी उबवून राह्यला!

भाचा : खेचतो, कारण शेवटची अंडी टाकून द्यायची का? त्या उन्हात तुझी हंसीण तरी बसते का?

आत्या : नाही बसत. चोच उघडून धापा टाकते अन् उठून जाते. तिले कळते ते.

भाचा : मी मशीन कूलरच्या खोलीत ठेवतो. कारण मशीन फक्त गरम करू शकतं. खोलीचीच हवा ४२ झाली तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काहीच करू शकत नाही, आणि अंडी शिजतात. कूलरनं खोली ३० च्या आत राहते आणि हवेला ओलावाही येतो.

आत्या : अन् लाइन गेली तं?

हा आत्याचा एका वाक्याचा प्रश्न आहे आणि घाटावर-घाटाखाली दोन्हीकडच्या खेड्यांत तो खराखुरा आहे. उन्हाळ्यात वादळवारं सुटलं की तारा तुटतात आणि रात्र अंधारात जाते. यावर भाच्याचं उत्तर अर्धं दिलासा देणारं आहे. मोठं अंडं लवकर थंड होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत दोन-तीन तास वीज गेली तर मशीन न उघडता वर गोधडी टाकायची, आत गरम पाण्याची बाटली ठेवायची. शेवटच्या आठवड्यात मात्र गोधडी टाकून घट्ट बंद करायचं नाही. तेव्हा पिल्लं स्वतः तापलेली असतात, श्वास घेत असतात आणि त्यांना हवा लागते. थंडीपेक्षा गुदमरण्याचा धोका मोठा असतो. पण कूलरच बंद पडलेला असेल आणि बाहेर ४४ अंश असेल, तर इन्व्हर्टरशिवाय इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली, इन्व्हर्टर नसताना, हंसाची अंडी मशीनला लावणं मला पटत नाही. भाच्यालाही ते आतून पटत नसावं, कारण या मुद्द्यावर तो पटकन पुढे सरकतो.

भाचा : लाइनचं सोड, मुंगसाचं बोल. तुझी हंसीण जमिनीवर बसते, एका जागी, महिनाभर. ज्ञानगंगेच्या जंगलाला लागून असलेली शेतं, तिथं मुंगूस, कोल्हा, रानमांजर सगळंच. एका रात्रीत पंचवीस दिवसांची मेहनत जाते. माझ्या मशीनपर्यंत मुंगूस येत नाही.

आत्या : ते खरं हाये. म्हणून रात्री डाल झाकावं लागते, चांगलं जड, वर दगड. बाहेर मोकळी बसू दिली तं ती चूक हंसिणीची नव्हे, आपली. अन् मशीन नसलं तरी उपाय हाये. हंसीण उठून गेली, मेली, तं खुडूक कोंबडीखाली घालते मी हंसाची अंडी.

भाचा : किती मावतात?

आत्या : चार. मोठी कोंबडी असली तं पाच.

भाचा : आणि ती फिरवते का ती अंडी? कोंबडीला ते अंडं हलतच नाही. शिवाय तिच्या अंगात २१ दिवसांचं घड्याळ. एकविसाव्याला पिल्लू नाही आलं तर काही कोंबड्या कंटाळून उठतात.

आत्या : फिरवायचं आपण. ती दाणे खायले उठली की फिरवायचं. अन् कोंबडी अंगानं खमकी, पहिले दोन-तीन रवण केलेली घ्यायची, ते नाही उठत. त्याच्यापेक्षा बी चांगली ती लाल तोंडाची मस्कोव्ही बदक. तिचीच अंडी ३५ दिवस घेतात, तिले तीस दिवस म्हणजे काहीच नाही.

खुडूक पक्ष्याच्या अंड्यांत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्यानं अंड्याचं काही वाईट होत नाही, भलंही होत नाही. त्याऐवजी घरट्यात बसायच्या जागी कुटाराखाली थोडी राख पसरावी. बसलेल्या पक्ष्याला उवा आणि पिसवा खाऊन काढतात आणि त्यांच्या त्रासानंच तो अंडी सोडतो. राखेचा फायदा डोळ्यांना दिसतो.

भाचा : तू मशीनला नवं खूळ समजतेस, आत्या. इजिप्तमध्ये लोक मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवायचे, शेणाच्या गोवऱ्या जाळून. दोन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनंही इजिप्तमधल्या या उबवणीबद्दल लिहून ठेवलं आहे. थर्मामीटर नव्हता. भट्टीवाला अंडं उचलून आपल्या मिटलेल्या पापणीला लावायचा. पापणीची कातडी पातळ, लगेच कळतं, जास्त गरम की कमी. पुढे १७४९ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरनं त्या भट्ट्यांचा अभ्यास करून आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या पुण्याला, नागपूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, ती त्याच वाटेवरची.

आत्या : ते कोंबडीचं झालं. कोंबडीचं पिल्लू मशीनमधून निघून पेटीत जाते, पेटीतून शेडमध्ये. हंसाचं तसं नाही. त्याले कोणाच्या तरी मागं चालायचं राह्यते.

आत्या इथं नेमक्या जागेवर पोचली, असं मला वाटतं. उबवणीच्या वादात सगळे तिसाव्या दिवसापर्यंत बोलतात आणि थांबतात. हंसाच्या बाबतीत खरा प्रश्न एकतिसाव्या दिवसापासून सुरू होतो.

१९१० च्या सुमाराला बर्लिनच्या ओस्कार हाइनरोट नावाच्या पक्षीशास्त्रज्ञानं करड्या हंसांची अंडी मशीनमध्ये उबवली. त्याला असं दिसलं की नुकतं बाहेर आलेलं पिल्लू डोळे उघडून सरळ माणसाकडे पाहतं, आणि एकदा का त्यानं माणूस मनात धरला, की त्याला हंसांच्या कुटुंबात सोडलं तरी ते हंसांकडे वळून बघत नाही, माणसामागेच धावतं. म्हणून त्यानं लिहून ठेवलं, की मशीनमधलं पिल्लू हंसिणीला द्यायचं असेल तर ते बाहेर येताच पिशवीत ठेवा, माणूस त्याच्या नजरेला पडू देऊ नका. पुढे ऑस्ट्रियाच्या कॉनराड लॉरेन्झनं हाच धागा उचलला. हंसिणीनं उबवलेली पिल्लं हंसिणीच्या मागे गेली, मशीनमधली पिल्लं त्याच्या मागे. त्याच्या प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामाला १९७३ मध्ये, आणखी दोघांसोबत, नोबेल मिळालं. आपल्याकडे हिवाळ्यात तलावांवर उतरणारे पट्टकादंब हंस, जे हिमालय ओलांडून येतात, त्यांच्या उंच उड्डाणांचा अभ्यास करायला कॅनडातल्या संशोधकांनीही पिल्लं अशीच स्वतःच्या मागे लावून वाढवली होती. म्हणजे कोणाची संगत लागते हे पहिल्या काही तासांत ठरतं आणि बराच काळ टिकतं.

भाचा : हे मी पाहिलं आहे. मशीनमधली पिल्लं दिवसभर पायात. आपण दाराआड गेलो की ओरडून घर डोक्यावर घेतात. लोकांना मजा वाटते, पण मला त्यांना शेतात सोडताच येत नाही. एकटी चरतच नाहीत.

आत्या : कारण चरायचं कसं ते त्यांना कोणं दाखवलं? हंसीण पहिल्याच आठवड्यात पिल्लं घेऊन गवतावर जाते. कोवळं टोक खुडते, पिल्लं पाहतात अन् खुडतात. घार दिसली की एकच आवाज करते, सारी पंखाखाली. तू टबात पाणी भरून सोडले तं काकडून मरतात. तिच्या मागं पाण्यात गेलेलं पिल्लू बाहेर आलं की तिच्या पोटाखाली शिरते, सुकते.

भाचा : आणि खाणं. मी पहिल्यांदा ब्रॉयलरचं खाद्य दिलं, तर पिल्लांचे पाय वाकायला लागले. हंसाच्या पिल्लाला नायसिन जास्त लागतं आणि कोंबडीच्या खाद्यात ते त्याच्या गरजेला कमी पडतं. यीस्ट मिसळायला लागल्यावर ते थांबलं.

आत्या : अन् गवत. गवतावर राह्यलेलं पिल्लू पायावर लवकर उभं राह्यते.

आता भाचा ज्या कारणासाठी चाळीस पिल्लांचा हट्ट धरतो ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय त्याचा पक्ष पुरता समजत नाही. तो हौशी माणूस नाही. त्याच्याकडे कापूस आहे. अमेरिकेत तणनाशकं सर्रास वापरात येण्याआधी कापसाच्या शेतांत निंदणासाठी चिनी हंस सोडत असत. हंस गवत खातो, रुंद पानांचं कापसाचं झाड सहसा सोडून देतो. हरळी आणि लव्हाळा, ज्यांनी आपल्या निंदणाच्या बायकांच्या कमरा मोडतात, ती त्याची आवडती. एकराला दोन ते चार पक्षी, दीड-दोन महिन्यांच्या वयाचे, सोबत पाणी आणि सावली. गाजरगवताला तो तोंड लावत नाही आणि ज्वारीचं कोवळं रोप मात्र हमखास फस्त करतो, म्हणून कापूस-ज्वारी शेजारी असेल तर मध्ये जाळी हवी. आणि ज्या शेतात फवारणी झाली, तिथं त्याला सोडायचंच नाही. निंदणाची मजुरी आणि माणसांची टंचाई पाहता बुलढाण्यातल्या कापूस-शेतकऱ्यानं हे करून बघावं, असं मला वाटतं.

भाचा : म्हणून मला एका वयाची पिल्लं पाहिजेत, एकाच वेळी. पेरणी जूनमध्ये झाली, जुलैत गवत वर आलं की हंस दोन महिन्यांचे हवेत. म्हणजे मेच्या सुरुवातीला पिल्लं. म्हणजे एप्रिलमध्ये अंडी मशीनला. तुझ्या संक्रांतीच्या पिल्लांचा मला काय उपयोग?

आत्या : संक्रांतीचं पिल्लू जुलैत सहा महिन्यांचं होते. म्हातारं होते काय? उलट पावसात टिकते. मेमधलं पिल्लू पहिल्या पावसात भिजलं की गेलं.

भाच्याजवळ यावर उत्तर नव्हतं, आणि माझ्याजवळही नाही. निंदणासाठी कोवळे हंस घेतात कारण ते जास्त चरतात आणि कमी फिरतात. पण घाटाखालच्या एप्रिलची किंमत त्यात धरली तर गणित बदलतं. बर्ड फ्लूचाही मुद्दा दोघांमध्ये निघाला. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली ती कोंबडीवाले विसरलेले नाहीत, आणि या विषाणूच्या आजच्या घराण्याचं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमध्ये एका पाळीव हंसातच सापडलं होतं. भाच्याचं म्हणणं, मशीन रोज पुसता येतं, घरट्याला ते जमत नाही. आत्याचं म्हणणं, घरट्यात एकाच घरची अंडी असतात, मशीनमध्ये दहा गावची. दोघंही खरं बोलत होते. त्यातून एकच ठरलं, की मशीनमध्ये अंडी आपल्याच आवारातली घालायची.

भाचा : मग असं करू. थंडीत हंसीण घालेल तशी अंडी मी उचलत जाईन, घरट्यात दोन खुणेची ठेवून. ती खुडूक व्हायला लागली की सगळ्या हंसिणींची ताजी, सात दिवसांच्या आतली अंडी वाटून घेऊ. आठ तिच्याखाली, बाकीची त्याच दिवशी मशीनमध्ये. तारीख एकच. तीस दिवसांनी दोन्हीकडे एकदम टोचा पडेल.

आत्या : पडेल. अन् पडला की हात लावायचा नाही. हंसाचं पिल्लू टोचा मारल्यावर दोन-दोन दिवस घेते. तुले घाई होते अन् तू कवच सोलते.

भाचा : नाही सोलणार. सत्ताविसाव्या दिवशी फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा, दार उघडायचं नाही. पिल्लं निघाली की अंधाऱ्या टोपलीत, वर पोतं, माणूस दिसू द्यायचा नाही. रात्री तिच्या पंखाखाली एकेक सरकवायची.

आत्या : रात्रीच. अन् तोंडातून शब्द काढायचा नाही. तिची पिल्लं अंड्यात असल्यापासून तिच्याशी बोलतात, ते तिचा आवाज ओळखतात. तुह्या पिल्लांले बी पहिला आवाज तिचाच जायले पाह्यजे. पण एका हंसिणीले बारा-पंधराच्या वर देऊ नको. पंखाखाली मावत नाहीत, बाहेर राह्यलेलं गारठते.

भाचा : दोन हंसिणी म्हणजे तीस. उरलेली दहा?

आत्या : ते अंडी खाऊन टाक.

भाचा : नाही. ती मी बल्बखाली वाढवतो. पहिल्या आठवड्यात ३२-३३ अंश, मग हळूहळू कमी. तीन-चार आठवड्यांत बल्ब सुटतो. गवतावर माझी पोरं नेतील रोज.

आत्या : कवा? शाळेच्या आधी का शाळेतून आल्यावर? पिल्लाले सकाळीच चरायचं राह्यते, उन्हं वर आली की ते सावली धरून बसते.

भाचा : शाळेच्या आधी.

आत्या : मंग मार्चमध्ये परीक्षा असतात, तवा कोण नेईन ते लिहून ठेव, अन् मंगच मशीनचं बटन दाब.